वांगणीची धोप

जव्हारच्या आमच्या घरात आता एका शाळामास्तरांचं बिऱ्हाड आहे. यंदा दिवाळीच्या तोंडावर मी दारात उभी राहिले, तर त्यांच्या बायकोनं ओळख ना पाळख, तरी आत बोलावलं. घर छोटंच. ओटी, माजघर, मागे परसू. त्यांनी ते छान नेटकं ठेवलं आहे. चहा देताना त्या म्हणाल्या, "आजी, एक विचारू? या ओटीच्या भिंतीला एवढ्या खुंट्या कशाला हो? आम्ही दप्तरं, छत्र्या, पिशव्या अडकवतो, तरी निम्म्या रिकाम्याच राहतात."

मी हसले. आता ऐंशी ओलांडलेल्या बाईनं त्या खुंट्यांवर काय काय होतं ते सांगायला सुरुवात केली, तर त्यांचा दुपारचा स्वयंपाक राहायचा. तरी मी सांगायला बसले, आणि त्यांनीही चूल मंद करून ऐकलं.

संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, संस्थानच्या जंगलखात्यात होते. सागाची मोजदाद, नाक्यांवरची तपासणी असलं काम. तट्टावर बसून ते मोखाड्यापासून खाली वाडा गावाच्या रानापर्यंत फिरायचे. पण पाड्यापाड्यांवर त्यांना कुणी साहेब म्हणत नसे. त्यांचं नाव होतं 'हत्यारवाला बाबा'. जुनं लोखंड दिसलं की या माणसाचा पाय निघत नाही, हे सगळ्या डोंगराला ठाऊक होतं.

नांगराच्या फाळाला बाण लागे, विहीर खणताना भाल्याचं पातं निघे, छपराच्या आढ्यात पणजोबांनी खोचलेली कट्यार पडझडीत खाली येई. लोकांच्या दृष्टीनं ते लोखंडच. विळा झिजला की तेच घेऊन मोखाड्याच्या बाजारात लोहाराकडे जायचं आणि नवा विळा करून आणायचा, अशी रीत. आबांनी आपली एक रीत काढली होती. जुनं लोखंड मला द्या, वजनाला वजन नवं लोखंड घ्या. तट्टाच्या एका बाजूला ते नव्या लोखंडाच्या पट्ट्या बांधून निघायचे. संध्याकाळी परतताना पट्ट्या गेलेल्या असत आणि घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी आलेलं असे.

आई म्हणायची, "लोकांचे बाप बाजारातून खाऊ आणतात."

मला मात्र ती घोंगडी उलगडण्याइतकं गोड दुसरं काही वाटत नसे. आधी ओल्या मातीचा वास यायचा, मग गंजाचा, आणि मग कधी कधी कुणाच्या तरी चुलीच्या धुराचा. आबा ते हत्यार ओटीवर ठेवायचे आणि बराच वेळ त्याला हात लावायचे नाहीत. पाहुणा आल्यावर आधी त्याला बसू द्यावं, पाणी द्यावं, मग चौकशी करावी, तसं काहीसं ते होतं.

नाण्यांची पेटी वेगळी. सागवानी, आतून मऊ फडकं लावलेली. तिच्यात शिवराया, म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाची तांब्याची नाणी, होत्या, फारशी अक्षरांचे मोगली रुपये होते, समुद्राकडून कधी वर चढून आलेली फिरंग्यांची क्रूसवाली तांबडी नाणी होती. पाड्यावरच्या बायकांच्या गळ्यातल्या माळेतून सुटलेली, कडी लावलेली नाणीही होती. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही. शिवराईवर शिकले. आबा माझं बोट धरून तांब्यावरून फिरवायचे. "हा श्री. हा रा. हा जा." दिवसभर बोटांना तांब्याचा आंबूस वास येत राहायचा. पुढे शाळेत गेले, तर गुरुजींनी फळ्यावर 'श्री' काढला आणि मला वाटलं, हा आमच्याच घरातून आला आहे.

आबांचा एक नियम होता. देव आणायचा नाही. रानात शेंदूर लावलेला धोंडा असो, लाकडावर कोरलेला वाघदेव असो, की कुणाच्या देवघरातला पितळी टाक असो, मालकानं आपण होऊन दिला तरी ते घेत नसत. "हत्याराला घर बदललं तरी चालतं," ते म्हणत, "देवाला नाही चालत."

ती धोप घरी आली तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. मोखाड्याच्या बाजारात मला मिठाई घेऊन द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. लोहाराच्या पालाशी आलो आणि आबा एकदम ओरडले, "थांब! थांब, काढ ती!" लोहारानं भात्यावरचा हात सोडला. आबांनी धावत जाऊन मूठ धरली आणि विस्तवातून एक लांबलचक सरळ तलवार बाहेर ओढली. मराठ्यांच्या अशा सरळ पात्याच्या तलवारीला धोप म्हणतात. टोक लाल झालं होतं. हवेत येताच ते हळूहळू जांभळं पडलं, मग काळं. बाकी पातं मात्र जसंच्या तसं. त्यावर मधोमध तीन बारीक खाचा टोकापर्यंत गेलेल्या, आणि मूठ अशी की आबांचा हात तिच्यात गेला आणि त्यांचा चेहराच पालटला. कुणा तरुण गड्यानं विळे करायला ती दिली होती आणि तो बाजारात कुठे तरी गेला होता. आबांनी लोहारापाशी त्याच्यासाठी तयार विळे ठेवले, वर लोखंड दिलं, आणि आम्ही निघालो. मिठाई राहूनच गेली. मीही मागितली नाही.

त्या धोपेला आबांनी ओटीवरची मधली जागा दिली. मुठीवरच्या मळकट फडक्यावर हिरवी मखमल गुंडाळली. जुनं काही फेकायचं नाही ही त्यांची सवय, म्हणून खालचं फडकं तसंच ठेवलं. येणारा जाणारा आधी तिच्याकडे बघे. आबांची छाती फुगे. माझीही.

धोपेची कीर्ती दरबारात गेली. महाराजांकडे मुंबईचे एक पाहुणे आले होते. शांत, वयस्क, चांगलं मराठी बोलणारे. तिकडच्या एका मोठ्या संग्रहासाठी ते जुनी हत्यारं बघत फिरत होते. ते आमच्या ओटीवर आले आणि धोपेसमोर खूप वेळ उभे राहिले.

"अशी मी फार थोडी पाहिलीत," ते म्हणाले. "ही काचेच्या कपाटात असायला हवी. खाली तुमचं नाव कोरून लावू. शंभर वर्षांनी येणारा माणूसही वाचेल, की ही अमक्यांनी राखली."

महाराजांनाही ते आवडलं. ठरलं असं, की दसऱ्याच्या दरबारात आबांनी धोप पाहुण्यांच्या हाती द्यायची. त्या रात्री आबा जेवताना दोनदा मीठ मागून गेले, इतके ते दुसरीकडेच होते. जंगलखात्यातल्या माणसाचं नाव मुंबईत काचेखाली!

भादव्याचा पाऊस सरला, उतारांवर खुरासणी पिवळी फुलली, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या लोंब्या वाकल्या. अशा एका सकाळी आमच्या अंगणात एक म्हातारी येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत लुगडं, पायांना लाल चिखल, हातात काठी.

"हत्यारवाला बाबा इथंच रेहतो का?"

आबा बाहेर आले. पाड्यावरची माणसं सगळ्यांना अरेतुरेच करत, अगदी राजालाही. त्यात अनादर नसे.

"मी बुधी. वांगणीची," ती म्हणाली. "माझा देव तुझ्या घरात हाय."

"बाई, मी कुणाचा देव आणत नाही," आबा म्हणाले. "रानातला धोंडासुद्धा मी कधी हलवला नाही."

"तू नाय आणला. माझ्या पोऱ्यानं लोहाराला दिला. लोहारानं तुला."

ती पायरी चढून ओटीवर आली. इकडे तिकडे न बघता सरळ धोपेपाशी गेली. तिचं लक्ष टोकाकडे गेलं आणि ती थबकली. "आगीत घातला का रं याला?" असं म्हणत तिनं त्या काळ्या टोकावर हात ठेवला. भाजलेल्या लेकराच्या पायावर ठेवावा तसा. आई माजघराच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला.

मग आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला परका वाटला, "अशा धोपा डोंगरात पुष्कळ असतील, बाई."

म्हातारी चिडली नाही. "वरचं सोड," ती मुठीकडे बोट दाखवून म्हणाली. "खाली माझं लगनाचं लाल लुगडं हाय. सासऱ्यानं सांगितलं, देवाला तुझा कपडा बांध, मंग तू या घरची. मी बांधला."

आबांनी मखमल सोडली. खाली ते मळकट फडकं. त्याचाही वेढा सोडला, तर आतल्या बाजूला, जिथे हवा लागली नव्हती तिथे, कापड अजून लालभडक होतं.

परसात कोंबडी ओरडत होती.

म्हातारीनं धोप परत मागितली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. तिनं कमरेच्या गाठीतून भाताच्या चार ताज्या लोंब्या काढल्या, धोपेखाली ठेवल्या, जमिनीला डोकं टेकलं. "घरात नवं भात आलं की आधी याला दाखवायचं," ती म्हणाली. "दोन साल झाली, याला न दाखवताच खाल्लं. घास उतरत नाय." आईनं तिला भाकरी वाढली. ती जेवली, पाणी प्याली आणि जायला उठली.

तेव्हा आबा म्हणाले, "दसऱ्याला दरबारात येशील?"

"राजाच्या? येते."

ती गेल्यावर आई म्हणाली, "अहो, देऊन टाकायची होती त्यांची त्यांना."

"महाराजांना शब्द दिलाय."

"आणि काचेखाली नाव हवंय तुम्हाला."

"हवंय," आबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

खंडेनवमीला आमच्या ओटीवर मोठा सण असे. सगळी हत्यारं खुंट्यांवरून खाली उतरत. चिंचेचं पाणी, विटेची वस्त्रगाळ पूड, चुलीतली राख, आणि शेवटी खुरासणीच्या तेलाचा हात. तो वास आठवला की अजून मला घर भरल्यासारखं वाटतं. ढालींच्या फुल्या घासायचं काम माझं. त्या वर्षी आबांनी धोप दुसऱ्या कुणाला घासू दिली नाही. सकाळपासून ते तिच्यापाशी बसून होते. टोकाच्या काळेपणाला त्यांनी हात लावला नाही. लाल फडकं मात्र पुन्हा मुठीला घट्ट गुंडाळलं, आणि मखमल बाजूला ठेवून दिली. ते बघून आई चुलीकडे वळली. त्या दिवशी तिनं पुरण जरा जास्तच गोड केलं होतं.

दसऱ्याचा दरबार म्हणजे सारा डोंगर जव्हारात उतरे. तारप्याचा आवाज दूरवरून ऐकू येई, भोपळ्यातून घुमणारा, छातीत बसणारा. राजवाड्यापुढच्या मांडवात मानकरी, मागे पाड्यापाड्यांची माणसं. आम्ही मायलेकी एका कडेला, आमच्याजवळ बुधीबाई. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि केसांत झेंडूचं फूल खोवलं होतं.

आबांचं नाव पुकारलं गेलं. दोन्ही हातांवर धोप आडवी धरून ते पुढे गेले. मुंबईचे पाहुणे उठून उभे राहिले. आबांनी मान लववून मुजरा केला, पण धोप पुढे केली नाही.

"महाराज," ते म्हणाले, "ही मला देता येत नाही. ही माझी नाही."

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"मग कुणाची?" महाराजांनी विचारलं.

"वांगणीच्या बुधीबाईंची. त्यांच्या घरचा देव आहे. मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय."

पाहुणे हळूच म्हणाले, "पण पाड्यावर ती गंजून जाईल हो. एक दिवस पुन्हा भट्टीत जाईल." त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, आणि त्यात राग नव्हता. काळजीच होती.

महाराजांनी बुधीबाईला पुढे बोलावलं. "बाई, नेतेस का तुझा देव?"

बुधीबाई काठी टेकत पुढे गेली. "नेऊन काय करू राजा? घराला दार नाय. पोऱ्या पुन्हा विळं करल. हा बाबा बरा राखतो. याच्याकडंच राहू दे." मग तिनं आबांकडे वळून काठी रोखली. "पर वाघबारशीला देव घरी आला पायजे. यानंच आणायचा. खांद्यावर. तट्टावर नाय."

मागे पाड्याच्या माणसांत हसू फुटलं. महाराजही हसले. "काय, आणाल का?"

"आणीन," आबा म्हणाले. "पाय चालतात तोवर आणीन."

महाराजांनी धोप हातात घेतली, कपाळाला लावली आणि आबांच्या हाती परत दिली. तिथे शाल नव्हती की नावाची पाटी नव्हती. पण मांडवातून परत येताना माझे आबा मला वाड्याच्या कमानीपेक्षा उंच दिसले. पाहुण्यांनी आणखी एक दिवस मुक्काम वाढवला. आमच्या ओटीवर बसून त्यांनी धोपेचं हुबेहूब चित्र काढलं, काळ्या टोकासकट. जाताना आबांच्या पाया पडायला वाकले, तर आबांनीच त्यांना वरच्यावर धरलं.

वाघबारस म्हणजे दिवाळीच्या तोंडावरची बारस, वाघदेवाच्या पूजेची. पुढे किती तरी वाघबारशी आम्ही दरीपलीकडच्या वांगणीला चालत गेलो. झुंजूमुंजू व्हायच्या सुमारास निघायचं. आबांच्या खांद्यावर धोप, माझ्या डोक्यावर आईनं दिलेली शिदोरी. गवत सुकून सोनेरी झालेलं, त्यावर दव. खाचरांत भात कापून आडवं पडलेलं, त्याचा गोडसर, उबदार वास. वाटेत कुणी भेटलं की विचारी, "देव चालला का घरी?" आणि आबा म्हणत, "चालला." दरी उतरायची, ओहळ ओलांडायचा, पुन्हा चढायचं. आबांनी खांदा बदलला, पण धोप कधी जमिनीला टेकवली नाही.

दिवस कलता वांगणीची शीव दिसे. तिथे वाघदेवाच्या लाकडी खांबाशी सगळा पाडा उभा. बुधीबाई सगळ्यांच्या पुढे. ती आबांच्या पायांवर पाणी घाली, मग धोपेवर. लोंब्या वाहिल्या जात, गुराख्यांची पोरं वाघ होऊन ओरडत पळत. काकडी किसून तांदळाच्या पिठात मिसळायची आणि पानात गुंडाळून उकडायची, तो नैवेद्य. आधी देवाला, मग आबांना, मग मला. बुधीबाईचा तो पोऱ्या, विळे करणारा, पहिल्या वर्षी लाजून घरामागे बसला होता. आबांनी त्याला हाक मारून शेजारी जेवायला बसवलं. "तू लोहाराकडे नेली नसतीस," ते म्हणाले, "तर मला तुझी आई भेटली नसती."

या गोष्टीचा डोंगरभर बोलबाला झाला. मग दुसरे येऊ लागले. वावर गावचा एक म्हातारा भिंतीवरचा भाला ओळखून गेला. कुणी कट्यारीपुढे नारळ ठेवून गेलं. आईला वाटलं, आता खुंट्या रिकाम्या होणार. झालं उलटंच. लोक आपल्या घरातली हत्यारं स्वतःहून आणू लागले. "आमचाही ठेव बाबा. सणाला नेऊ, परत आणू." आबांनी नव्या खुंट्या ठोकल्या. वजनाला वजन लोखंड देणं बंद झालं. प्रत्येक पात्याला आता गाव होतं, घर होतं. कुणी पाहुण्यानं कौतुकानं विचारलं, "हे सगळं तुमचं?" की आबा म्हणत, "माझ्याकडे आहे." एवढंच. पण ते म्हणताना त्यांची मान जशी ताठ होई, तशी ती पूर्वी 'माझं' म्हणतानाही झाली नव्हती.

संस्थान गेलं. आबांचे गुडघे गेले. मग धोप मी नेऊ लागले. लग्न झाल्यावरही वाघबारशीला माहेरी यायचे ते त्यासाठीच. बुधीबाई गेल्यावर तिची सून पायांवर पाणी घालू लागली.

आबा गेले तेव्हा बाराव्याला आमच्या अंगणात डोंगर उतरला. कुणी बोलावलं नव्हतं. एकेक जण ओटीवर येई, आईपुढे वाके आणि आपापलं हत्यार उतरवून घेई. घरांना आता दारं होती, आणि विळे बाजारात तयार मिळत होते. चुलतकाका आईच्या कानाशी लागले, "वहिनी, अडवा की! सगळी भिंत ओकीबोकी झाली." आई शांतपणे म्हणाली, "न्यायलाच आलेत ते. ह्यांनी राखलं कशासाठी?" सगळ्यात शेवटी बुधीबाईचा नातू आला. त्याच्या खांद्यावर मी माझ्या हातांनी धोप ठेवली. नाण्यांची पेटी तेवढी मागे राहिली. ती माझ्याकडे आहे. माझ्या नातवंडांनीही अक्षरं तिच्यातल्या नाण्यांवरच गिरवली.

मास्तरांच्या बायकोनं हे सगळं ऐकलं आणि डोळे पुसत विचारलं, "मग आता कुठे निघालात?" मी म्हटलं, "परवा वाघबारस ना. वांगणीला."

यंदा जीपनं गेले. पाय आता ऐकत नाहीत. रस्ता अजून खडबडीतच. शेवटचा चढ मात्र चालले, एका पोरीच्या खांद्यावर हात ठेवून. भात कापलेलं होतं आणि तोच वास होता. शिवेवर पाडा जमला होता. बुधीबाईचा पणतू, मुंबईला बांधकामावर जाणारा, सणासाठी मुद्दाम आलेला. त्यानं धोप खांबाशी टेकवली, लोंब्या वाहिल्या आणि हात जोडून घरातल्या गेलेल्या माणसांना एकेका नावानं जेवायला बोलवायला लागला. पणज्याचं नाव घेतलं. बुधीचं घेतलं. आज्याचं, आजीचं, बापाचं घेतलं. प्रत्येक नावाला माणसं "ये" म्हणत होती.

मग त्यानं क्षणभर श्वास घेतला आणि त्याच आवाजात, जरासुद्धा न अडखळता, हाक दिली, "जव्हारचा आबा."

"ये," सगळा पाडा म्हणाला.

ज्या पोरीच्या खांद्यावर माझा हात होता, तिनंही म्हटलं. तिनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.